सहलीवरचा निबंध

अक्कलकोट तालुक्यात वहीत, डायरीत किंवा फोनमध्ये काहीबाही लिहून ठेवणाऱ्या सर्वांना,



तुमच्यापैकी बरेच जण माझ्या ओट्यावर येऊन गेला आहात. कुणी कवितांची वही आणली, कुणी कादंबरीची दीडशे पानं टाइप करून आणली, एका ताईंनी तर स्वामी समर्थांच्या अनुभवांचं बाड फडक्यात बांधून आणलं होतं. "सर, जरा बघा" म्हणून तुम्ही ठेवून गेलात. मी वाचलं, दोन शब्द बोललो, चहा झाला आणि तुम्ही गेलात. पण ते दोन शब्द पुरेसे नव्हते. म्हणून आज सगळ्यांना मिळून लिहितो आहे. उघडं लिहितो आहे, कारण एकाला सांगायचं ते सगळ्यांनाच सांगायचं आहे.

आपल्या तालुक्यात हन्नूर आहे. शरणकुमार लिंबाळे तिथले. जन्म १९५६चा. 'अक्करमाशी' १९८४ साली आलं तेव्हा त्यांचं वय अठ्ठावीसच्या आसपास होतं. पुढे त्याचं इंग्रजी भाषांतर ऑक्सफर्डने काढलं, आणि 'सनातन' या कादंबरीसाठी त्यांना २०२० सालचा सरस्वती सन्मान मिळाला. हे सगळं तुम्हांला ठाऊक असेल. पण पुस्तक वाचलंय का, असं मी विचारतो तेव्हा ओट्यावरची मुलं एकमेकांकडे बघतात. लिहायचं असेल तर आधी ते वाचा. आपल्या गावाजवळच्या माणसाने लिहिलंय एवढ्यासाठी नव्हे. लेखन म्हणजे काय हे त्या पुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांतच कळतं, म्हणून.

सुरुवातीला शाळेची सहल आहे. मुलं रानात जातात, खेळतात, जेवायला बसतात. सवर्णांची मुलं एकीकडे, महारांची मुलं दुसरीकडे. तिकडच्यांची जेवणं झाल्यावर उरलंसुरलं इकडे येतं आणि ही मुलं त्यावर तुटून पडतात. दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजी निबंध घालतात, विषय सहल. या मुलाला काय लिहावं ते सुचत नाही. गुरुजी ओरडतात.

मी हे पान किती वेळा वाचलं असेल, सांगता येणार नाही. कारण त्या गुरुजींच्या खुर्चीत मी एकतीस वर्षं बसलो. जातीवरून कुणाला बोललो नाही. पण सहलीवर निबंध दर वर्षी घातला, आणि ज्याच्या वहीत निळं आकाश, किलबिलणारे पक्षी आणि 'अविस्मरणीय दिवस' असे, त्याला दहापैकी आठ गुण दिले. एका मुलाने लिहिलं होतं की सहलीचे पैसे भरायला आईने कोंबडी विकली आणि बसमध्ये बसल्यावर त्याला सारखी ती कोंबडीच आठवत होती. पुढे एक वाक्य होतं, 'माझा दोस्त म्हणाला, का बे, रडलालास काय?' मी 'रडलालास'खाली तांबडी रेघ मारली, वर 'रडत आहेस' लिहिलं आणि चार गुण दिले. त्या वर्षीचं सगळ्यांत चांगलं लेखन माझ्या हातात होतं आणि मी ते दुरुस्त केलं. तो मुलगा पुढे काही लिहिता झाला नाही. त्याचं कारण मीच असेन असं नाही, पण नसेन असंही म्हणवत नाही.

तेव्हा पहिली गोष्ट ही. तुमच्या वह्यांत मला बहुतेक वेळा सहलीवरचा निबंध दिसतो. विषय सहल नसतो. आई असते, शेतकऱ्याची आत्महत्या असते, पहिलं प्रेम असतं. पण वाक्यं गुरुजींना आवडणारी असतात. डोळ्यांत अश्रू तरळतात, काळजात चर्र होतं, नियतीच्या मनात काही वेगळंच असतं. ही वाक्यं तुमची नाहीत. ती तुमच्या आधी हजार जणांनी वापरून गुळगुळीत केलेली आहेत, आणि आता तर फोनला सांगितलं तर फोनही तसली पानभर वाक्यं क्षणात काढून देतो. तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही असं तुमच्याजवळ काय आहे, ते शोधायचं. हन्नूरच्या त्या मुलाला वर्गात जे लिहिता आलं नाही, त्यापासूनच पुढे त्याच्या पुस्तकाची सुरुवात झाली.

आता हे शोधायचं कसं, ते एका उदाहरणाने सांगतो. नाव सांगत नाही, पण गोष्ट सांगायला त्या मुलीने परवानगी दिली आहे.

एका मुलीने आईवर लेख आणला. आई कडक भाकऱ्या करून दुकानाला देते. लेखाची सुरुवात अशी होती : 'माझी आई म्हणजे कष्टाची मूर्ती. अहोरात्र चुलीपुढे राबून तिने आम्हां भावंडांना लहानाचं मोठं केलं. तिच्या चेहऱ्यावरच्या प्रत्येक सुरकुतीत एक कहाणी दडलेली आहे.' मी विचारलं, सुरकुत्या किती आहेत? ती हसली. म्हणाली, सर, आई चाळिशीची आहे, सुरकुत्या नाहीतच. मग आल्या कुठून? ती गप्प झाली.

मग मी तिला नुसतं विचारत गेलो. दिवसाला भाकऱ्या किती? उठते कधी? पीठ कोण मळतं, थापतं कोण? भाकरी कडक करायला निखाऱ्यापाशी उभी करतात तेव्हा लक्ष कोण ठेवतं? शेवटी विचारलं, मोडलेल्या भाकरीचं काय करता? त्यावर ती सहज म्हणाली, "मोडकी दुकानदार मोजून घेत नाही की, सर. ती आम्ही खातो." मी म्हटलं, आता घरी जा आणि इथून सुरू कर.

आठ दिवसांनी तिने आणलेल्या कागदावर हे होतं : 'दुकानदार मोडकी भाकरी मोजत नाही. म्हणून आमच्या घरात सगळे मोडकीच खातात. पाहुणा आला की आई चळतीतली वरची अख्खी काढून त्याच्या ताटात ठेवते, आणि त्या रात्री एक जास्त थापते.'

तीन वाक्यं आहेत. कष्ट हा शब्द नाही, माया हा शब्द नाही, गरिबी हा शब्द नाही. तरी आई दिसते, तिचा स्वाभिमान दिसतो, घराचा हिशोबही दिसतो. ही मुलगी आठ दिवसांत जास्त हुशार झाली नव्हती. हे सगळं तिला आधीपासून माहीत होतं. लिहिण्याजोगं आहे, एवढंच ठाऊक नव्हतं.

'अक्करमाशी'त अशाच एका भाकरीची गोष्ट आहे. सुगीत गुरं ज्वारी खातात, ती न पचता शेणातून पडते. आजी संतामाय ते शेण गोळा करते, धुऊन दाणे वेगळे करते, वाळवून दळते आणि त्या पिठाची भाकरी करते. नातू ती चाखून बघतो. भुकेवर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे, पण ती भाकरी एकदा वाचलेला माणूस विसरत नाही. लेखकाने तिथे भुकेवर भाष्य केलेलं नाही. दाणा कुठून कुठे गेला ते सांगितलं आहे.

म्हणून वहीत एखादा भारी शब्द आला की थांबा. दुःख, संघर्ष, माणुसकी, संस्कार असे शब्द आले की तिथे शाईचा ठिपका द्या आणि स्वतःला विचारा की इथे नेमकं काय घडलं, कुणी काय उचललं, कुणी काय ठेवलं, किती रुपये, कोणता वार. उत्तर सापडलं तर तो शब्द आपोआप गळून पडतो. सापडलं नाही, तर तुम्हांला त्या गोष्टीबद्दल अजून पुरेसं माहीत नाही. मग जाऊन विचारा. लेखकाने विचारायला लाजू नये.

हेच मी स्वामींचे अनुभव लिहिणाऱ्यांनाही सांगतो. स्वामींनी १८७८ साली इथे देह ठेवला. तेव्हापासून या गावात अनुभव सांगणाऱ्यांची आणि लिहिणाऱ्यांची परंपरा आहे, आणि श्रद्धेने लिहिलेलं मी आदरानेच वाचतो. पण 'अवर्णनीय', 'शब्दांत सांगता न येणारा' असं लिहून तुम्ही वाचकाला दाराबाहेर उभं करता. तुम्ही वटवृक्षाच्या देवळात कोणत्या दिवशी गेलात, गर्दी होती का, हातात काय होतं, दवाखान्याची कोणती चिठ्ठी खिशात होती, ते क्रमाने सांगा. शेवट वाचकाला आपोआप कळेल. अनुभव खरा असेल तर त्याला विशेषणांचा आधार लागत नाही.

आता भाषेचं. याबद्दल मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण इथे आपल्या भागातल्या मुलांचं सगळ्यांत जास्त नुकसान होतं.

आपण सीमेवर राहतो. घरात आजी कानडी बोलते, गल्लीत दखनी चालते, शाळेत मराठी, बाजारात तिन्ही. दुधनीच्या अडत दुकानात तुरीचा भाव एका भाषेत सुरू होतो आणि दुसऱ्या भाषेत ठरतो. हे सगळं तुमच्या कानात आहे. पण वही उघडली की तुम्ही पुण्याच्या सदाशिव पेठेत राहायला जाता. तुमच्या कथेतली मैंदर्गीची म्हातारी 'अगं बाई, किती गं वाळलीस' म्हणते. मैंदर्गीची म्हातारी असं म्हणत नाही. ती पुढ्यात ताट सरकवते आणि म्हणते, 'ऊटा माडु.' रत्नागिरीच्या वाचकाला कानडी येत नाही, पण सरकवलेलं ताट त्याला दिसतं. तेवढं पुरतं. कंसात अर्थ देऊ नका, तळटीप देऊ नका. शब्दाशेजारी हालचाल ठेवा.

कानडी शब्द आला की मराठी बिघडते, असं कुणी सांगितलं तर शाळेचं व्याकरणाचं पुस्तक काढून दाखवा. कानडीतून मराठीत आलेल्या शब्दांची यादी त्यात छापलेली असते. अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता, खलबत्ता. तूप वाढायचं आणि कानडीची लाज धरायची, हे बरं नव्हे.

आणि द. रा. बेंद्रे आठवा. घरची भाषा मराठी, कविता कानडीत. १९४४ ते १९५६ ही बारा वर्षं ते इथून चाळीस किलोमीटरवर, सोलापुरात, दयानंद कॉलेजात कानडी शिकवत होते. १९७३ साली 'नाकु तंती'साठी त्यांना ज्ञानपीठ मिळालं. मराठीतही त्यांनी लिहिलं. दोन भाषांच्या मधोमध जन्मलेल्या माणसाचं काही कमी पडतं, असं मानणाऱ्यांनी त्यांच्याकडे बघावं.

पण एक सावधगिरी. बोली ही नक्षी नव्हे. काही जण प्रत्येक वाक्यात 'बे' आणि 'लेका' पेरतात. त्याने गाव येत नाही, नाटकात गावकऱ्याचं सोंग घेतलेला नट येतो. बोली शब्दांपेक्षा वाक्याच्या चालीत जास्त असते. कोण किती बोलतो, मध्येच कुठे थांबतो, थेट नाही न म्हणता कसं टाळतो, यात ती असते. निवेदन कोणत्या मराठीत करायचं ते सुरुवातीलाच ठरवा आणि शेवटपर्यंत सांभाळा. प्रमाण भाषेत केलंत तरी हरकत नाही. पात्रांच्या तोंडी मात्र त्यांचीच भाषा द्या.

यासाठी कान तयार करावा लागतो. गुरुवारी एसटी स्टँडवर अर्धा तास बसा. कोकणातून, मुंबईतून, कलबुर्गीकडून माणसं आलेली असतात. ऐका, आणि घरी येऊन एका वेगळ्या वहीत फक्त ऐकलेलंच लिहा. त्यावर स्वतःचं मत लिहू नका. फोनवर चोरून ध्वनिमुद्रण करू नका. ते वाईट आहे, आणि निरुपयोगीही. जे लक्षात राहतं तेच लेखनाच्या कामाचं असतं.

वाचनाबद्दल थोडक्यात. भराभर शंभर पुस्तकं वाचण्यापेक्षा एक पुस्तक हाताने उतरवून काढा. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' १९५५ची. तिची पहिली दहा पानं वहीत उतरवा. उतरवताना कळेल की वाक्यं किती आखूड आहेत, विशेषण किती जपून येतं, आणि तरुण मास्तरच्या पायाखालची वाट कशी दिसते. नुसतं वाचताना हे निसटून जातं, हाताला मात्र कळतं.

शुद्धलेखन शिका. साहित्य महामंडळाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२मध्ये वाढवलेले चार, एवढाच मामला आहे. पंधरा दिवसांत येतो. पात्राच्या तोंडी 'करलालाय' लिहायचं स्वातंत्र्य हवं असेल, तर निवेदनात 'कि' आणि 'की' यांत गोंधळ करून चालत नाही.

पहिला खर्डा एका बैठकीत किंवा दहा बैठकींत, जसा येईल तसा येऊ द्या. मग तो महिनाभर पेटीत ठेवा. खरंच ठेवा. महिन्याने काढून मोठ्याने वाचा, एकटेच, दार लावून. जिथे जीभ अडखळते तिथे वाक्य चुकलेलं असतं. जिथे स्वतःचं कौतुक वाटून आवाज चढतो तिथे बहुतेक वेळा खोटं असतं, ते काढा. आणि पहिला परिच्छेद झाकून दुसऱ्यापासून वाचून बघा. दहातल्या सात वह्यांत लेख खरा दुसऱ्या परिच्छेदातच सुरू झालेला मला दिसला आहे.

घरच्यांबद्दल लिहिताना फार जण अडतात. आईला काय वाटेल, भावकी काय म्हणेल. 'अक्करमाशी' हे नावच बघा. बारा माशांचा तोळा, त्यातला एक मासा कमी तो अक्करमासा. अनौरस मुलाला गावाने दिलेली ही शिवी. लेखकाने ती मुखपृष्ठावर घेतली. आई, आजी, बाप सगळे पुस्तकात आहेत. हे धैर्य सगळ्यांनी दाखवावं असं मी म्हणणार नाही. ज्याच्यावर बेततं त्यालाच कळतं. पण लिहिणं आणि छापणं ही दोन वेगळी कामं आहेत. लिहिताना पूर्ण खरं लिहा. छापायचं का, कधी, कोणती नावं बदलून, हे नंतर ठरवा, आणि ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्याशी बोलून ठरवा. लिहितानाच भीत भीत लिहिलं तर छापायला काही उरत नाही. आणखी एक बघा : तुमच्या लेखात सगळे चुकलेले आणि तुम्ही एकटे बरोबर असाल, तर तो लेख अजून झालेला नाही.

छापण्याविषयी मी पोळलेला आहे, म्हणून हे मन लावून वाचा. माझं पहिलं पुस्तक एका प्रकाशकाने माझ्याच पैशाने काढलं. कागदाचा भाव, मुखपृष्ठ, 'आयएसबीएनचा खर्च' असं करत करत दोन महिन्यांचा पगार गेला. पाचशे प्रती माझ्या माळ्यावर आल्या. त्यातल्या शंभरेक आहेर म्हणून वाटल्या, बाकीच्यांना वाळवी लागली. नंतर कळलं की आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात फुकट मिळतो. जो प्रकाशक वाचायच्या आधी रक्कम सांगतो, त्याच्या दारातून परत फिरा. आधी नियतकालिकांकडे पाठवा. दिवाळी अंकांची परंपरा 'मनोरंजन'च्या १९०९च्या अंकापासूनची आहे आणि आजही नव्या लेखकाचं पहिलं नाव बहुधा तिथेच छापून येतं. पण त्यांची जुळवाजुळव आषाढ-श्रावणातच सुरू होते, तेव्हा दसऱ्याला पाठवून उपयोग नाही. पहिल्या पुस्तकासाठी राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे, तिची जाहिरात बघत राहा. करार लेखी करा. कायद्याने लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं राहतो, म्हणजे तुमच्या मुलांना आणि नातवंडांनाही. चहा पिता पिता केलेल्या सहीने तो देऊन टाकू नका.

लेख परत आला तर रडू नका आणि त्या संपादकाला फोन करून कारण विचारू नका. पुन्हा वाचा. चुकलं असेल तर दुरुस्त करा, नसेल तर दुसरीकडे पाठवा.

आता माझी विनंती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ वाजता माझ्या ओट्यावर या. ओटा कुठे आहे ते तुम्हांला माहीत आहे. कादंबरी आणू नका, कवितांची वही आणू नका. फक्त दोन पानं आणा, हाताने लिहिलेली. विषय सहल. शाळेची सहल, गेलात ती किंवा पैसे नव्हते म्हणून जाता आलं नाही ती. कुणी काय डब्यात आणलं, कोण कुणाशेजारी बसलं, कुणाला कुणाशेजारी बसता आलं नाही, येताना बसमध्ये काय झालं, घरी आल्यावर कुणी काय विचारलं, सगळं लिहा. ज्या भाषेत घडलं त्या भाषेत लिहा.

मी तांबडं पेन घेऊन बसणार नाही.

तुमचा,
एक निवृत्त शिक्षक
अक्कलकोट